हँडहेल्ड गेम कन्सोलवर व्हिडिओ ॲप हवेत का? घेण्यापूर्वी आणि घेतल्यावर काय पाहावे

छत्रपती संभाजीनगर, नांदेड किंवा लातूरच्या दुकानात हँडहेल्ड कन्सोल, म्हणजे हातात धरून खेळायचे गेमचे यंत्र, पाहायला आलेले पालक बहुधा पहिल्यांदा हेच विचारतात, की यावर सिनेमाही पाहता येईल का. माझे मत असे, की कंपन्यांनी ही सोय द्यावी, कारण पडदा, स्पीकर आणि वाय-फाय यंत्रात आधीच असतात. मात्र त्या सोयीसाठी ग्राहकाने एक रुपयाही जास्त मोजू नये. ती आपल्या उपयोगाची आहे की नाही, हे पुढील गोष्टी तपासून ठरवावे.

पहिली गोष्ट म्हणजे यंत्राचा प्रकार. निन्टेन्डो स्विच २०१७ मध्ये आले आणि त्यावर यूट्यूबचे ॲप २०१८ मध्ये मिळाले. नेटफ्लिक्स मात्र त्यावर कधीच आले नाही, आणि अमेरिकेतील ग्राहकांना मिळालेली हुलूसारखी सेवा आपल्याकडे चालत नाही. आपल्याकडची यंत्रे आयात केलेली असतात आणि निन्टेन्डोचे भारतासाठी वेगळे ई-शॉप (ॲप आणि गेमचे ऑनलाइन दुकान) नसल्यामुळे खाते दुसऱ्या देशाचे करावे लागते, म्हणून खोक्यावरील किंवा परदेशी परीक्षणातील ॲपची यादी जशीच्या तशी धरून चालू नये. वाल्व्ह कंपनीचे स्टीम डेक विंडोजऐवजी लिनक्स या प्रणालीवर चालते. त्यावर नेटफ्लिक्सचे ॲप नाही, पण त्याच्या डेस्कटॉप मोडमध्ये (साध्या संगणकासारख्या पडद्यावर) जाऊन क्रोम बसवला की ब्राउझरमधून व्हिडिओ पाहता येतो. तेथे चित्राची प्रत मर्यादित मिळते, तरी १२८० बाय ८०० च्या पडद्यावर ते फारसे खटकत नाही. २०२३ मध्ये भारतात अधिकृतपणे आलेले आसुसचे आरओजी ॲलाय हा मुळात विंडोजचा संगणक असल्यामुळे संगणकावर चालणाऱ्या बहुतेक सेवा त्यावर चालतात. अँड्रॉइडवरील स्वस्त चिनी हँडहेल्ड घेणार असाल, तर दुकानातच ‘डीआरएम इन्फो’ हे मोफत ॲप टाकून वाईडवाइनची, म्हणजे व्हिडिओची नक्कल रोखणाऱ्या कुलपाची, पातळी पाहावी. ती ‘एल १’ ऐवजी ‘एल ३’ निघाली, तर पडदा कितीही चांगला असला तरी सशुल्क सेवांचे चित्र बहुधा ४८० पिक्सेलच्या आसपासच अडकते.

आज असलेले ॲप उद्या राहीलच, असेही नाही. निन्टेन्डो ३डीएसवर २०११ मध्ये आलेले नेटफ्लिक्स ३० जून २०२१ रोजी बंद झाले आणि त्याच यंत्रावरील यूट्यूब २०१९ मध्येच गेले. सोनीच्या पीएस व्हिटावरून यूट्यूबचे ॲप २०१५ मध्ये काढण्यात आले. स्विचवर ट्विच हे गेमच्या थेट प्रक्षेपणाचे ॲप नोव्हेंबर २०२१ मध्ये आले आणि २०२४ च्या जानेवारीअखेर बंद झाले. गेमची काडतुसे (कार्ट्रिज) वर्षानुवर्षे चालतात, पण व्हिडिओ ॲप सेवा देणाऱ्या कंपनीच्या मर्जीवर टिकते; जुने यंत्र विकत घेताना विक्रेता ॲपची मोठी यादी सांगू लागला, तर त्यातील प्रत्येक ॲप आपल्यासमोर उघडून दाखवण्यास सांगावे.

बहुतेकांची फसगत होते ती वर्गणीत. नेटफ्लिक्सने डिसेंबर २०२१ मध्ये जिचा दर १४९ रुपयांवर आणला, ती मोबाईल योजना फक्त फोन आणि टॅब्लेटवर चालते. हातात मावते म्हणून कन्सोल मोबाईल ठरत नाही. सेवेच्या लेखी आरओजी ॲलाय हा संगणकच आहे आणि त्यावर त्या योजनेतून काहीही दिसत नाही. त्यासाठी निदान बेसिक योजना लागते, जिचा दर त्याच वेळी १९९ रुपये ठेवण्यात आला होता. मोबाईलच्या रिचार्जबरोबर मिळणाऱ्या वर्गण्याही अनेकदा मोबाईलपुरत्याच असतात. म्हणून खरेदीपूर्वी आपल्या खात्याच्या पानावर जाऊन योजनेचे नाव आणि तिच्यातील उपकरणांची यादी वाचावी. वर्गणी वाढवावी लागत असेल, तर वर्षाचा फरक कन्सोलच्या किमतीत मिळवूनच विचार करावा.

यानंतर डेटाचा हिशेब येतो, आणि मराठवाड्यात तो सर्वात महत्त्वाचा आहे, कारण शहरांतील काही वसाहती सोडल्या तर असंख्य घरांत इंटरनेट म्हणजे फोनचा हॉटस्पॉट. नेटफ्लिक्सच्या स्वतःच्या आकड्यांनुसार साध्या प्रतीला तासाला १ जीबीपर्यंत, तर एचडीला ३ जीबीपर्यंत डेटा लागतो. दिवसाला दीड जीबीचे रिचार्ज असेल, तर एचडी चित्रपट अर्ध्या तासात थांबेल. वसतिगृहात राहून अभ्यास करणाऱ्या लातूरच्या विद्यार्थ्याने हा डेटा तासिकांच्या व्हिडिओंसाठी राखणेच बरे. प्रवासात तर अडचण आणखी वाढते. देवगिरी एक्सप्रेसने नांदेडहून मुंबईला निघालात किंवा एसटीने कन्नडचा घाट उतरू लागलात, की रेंज येते-जाते, आणि अशा वेळी आधी उतरवून ठेवलेला व्हिडिओच कामाला येतो. स्विचवरील यूट्यूबमध्ये डाउनलोडची सोय नाही. विंडोजच्या ॲपमधील ही सोय नेटफ्लिक्सने २०२४ मध्ये काढून टाकली. म्हणजे ज्या प्रवासासाठी हँडहेल्ड घ्यायचे, नेमक्या त्याच प्रवासात त्याचे व्हिडिओ ॲप पाठ फिरवते. कंपन्यांना काही मागायचे असेल, तर नव्या ॲपऐवजी डाउनलोड मागावे. तोपर्यंत उपाय दोनच आहेत: यूट्यूब प्रीमियम असल्यास ॲलायवरील एज किंवा क्रोम ब्राउझरमधून घरच्या वाय-फायवर व्हिडिओ उतरवून घ्यावेत, किंवा आपल्याकडे रीतसर असलेल्या फाइल मेमरी कार्डवर टाकून स्टीम डेकवर अथवा ॲलायवर व्हीएलसी या मोफत व्हिडिओ प्लेअरने पाहाव्यात. नाहीतर खिशातला फोन हे काम अधिक चांगले करतोच.

ॲपचा खरा फायदा मला घरात दिसतो. गावाकडच्या घरात एलईडी टीव्ही असतो, त्याला एचडीएमआयची जागा असते, पण तो स्मार्ट नसतो. स्विच डॉकवर (टीव्हीला जोडणाऱ्या त्याच्या बैठकीवर) ठेवून अशा टीव्हीला जोडले, की गेमही होतो आणि यूट्यूबवरील कीर्तन किंवा शेतीविषयक कार्यक्रम सगळ्या घराला पाहता येतात. (केवळ एवढ्यासाठीच कन्सोल घेऊ नये, टीव्हीला लावायची स्टिक त्याहून कितीतरी स्वस्त मिळते.) स्विच लाइट हे त्याचे छोटे रूप मात्र टीव्हीला जोडता येत नाही आणि त्याला मागे स्टँडही नाही, त्यामुळे व्हिडिओसाठी ते सर्वात गैरसोयीचे.

ॲप वापरायचे ठरलेच, तर आधी डेटाची गळती बंद करावी. ॲलायमध्ये वाय-फायच्या सेटिंगमध्ये जाऊन फोनचा हॉटस्पॉट ‘मीटर्ड कनेक्शन’ (मोजका डेटा असलेली जोडणी) म्हणून नोंदवावा, स्विचवर सॉफ्टवेअरचे आपोआप होणारे अपडेट बंद करावे आणि स्टीम डेकवर स्टीमच्या सेटिंगमध्ये अपडेटची वेळ ठरवून द्यावी. एका मोठ्या गेमचे अपडेट दिवसभराचा डेटा गिळून टाकते. यूट्यूबमध्ये साइन इन करताना पडद्यावर येणारा कोड फोनवरून भरावा. कन्सोलच्या जॉयस्टिकने एकेक अक्षर निवडत शोधणे कंटाळवाणे असते, म्हणून पाहायच्या व्हिडिओंची प्लेलिस्ट त्याच खात्यातून फोनवरच तयार करावी.

उन्हाळ्याचे वेगळे सांगायला हवे. निन्टेन्डो आणि स्टीम डेकची वाल्व्ह या दोन्ही कंपन्या भोवतालचे तापमान ३५ अंशांपर्यंत असावे असे सांगतात. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा सहज चाळिशी ओलांडतो. व्हिडिओ पाहताना यंत्रावर गेमपेक्षा कमी ताण येतो हे खरे, तरी दुपारी पत्र्याच्या खोलीत किंवा एसटीच्या खिडकीशी चार्जिंगला लावून पाहत बसू नये आणि हवा बाहेर पडण्याच्या जाळीखाली उशी किंवा गोधडी ठेवू नये. रात्री वीज गेल्यावर पॉवर बँकेवर चार्ज करायचे असल्यास ती यूएसबी-सी आणि पीडी (पॉवर डिलिव्हरी) प्रकारची असावी.

घरात मुले असतील, तर ॲप टाकण्यापूर्वीच बंधने घालावीत. निन्टेन्डोचे पालकांसाठीचे मोफत ॲप फोनवर घेतले, की दिवसाची वेळमर्यादा ठरवता येते आणि कोणत्या सॉफ्टवेअरवर किती वेळ गेला तेही दिसते. विंडोजच्या यंत्रावर मायक्रोसॉफ्ट फॅमिली सेफ्टी वापरावे. त्यातील संकेतस्थळांची गाळणी एज ब्राउझरपुरतीच असल्यामुळे मुलाच्या खात्यातून इतर ब्राउझर बंद ठेवावेत. गेमला मिळालेला तास व्हिडिओत संपू लागला, तर ॲप काढून टाकावे, आणि तसे करताना संकोच नसावा.

जुने यंत्र विकताना आधी प्रत्येक व्हिडिओ सेवेतून साइन आउट करावे, मग फॅक्टरी रीसेट करावे, आणि त्यानंतर फोनवरून सेवेच्या खात्यातील उपकरणांच्या यादीतून त्या कन्सोलचे नाव काढले गेले आहे की नाही, ते पाहून घ्यावे.