नकली पिस्तुलाला ब्लूइंग करताय? आधी लोहचुंबक लावा

इंदूरला आमच्या गणेशोत्सवातल्या नाटकांचं नकली पिस्तूल दरवर्षी पांढुरकं पडतं. कोल्ड ब्लूइंग, म्हणजे द्रावण लावून धातूला निळा-काळा रंग आणणं, घरीच होतं, पण आधी लोहचुंबक लावून बघा. चिकटला नाही तर बहुधा जस्ताचा मिश्रधातू. पोलादाचं द्रावण त्यावर नीट बसत नाही, जस्त-अ‍ॅल्युमिनियमचं वेगळं आणा.

१. जुना रंग, गंज घासून अ‍ॅसिटोनने पुसा. यानंतर उघडं बोट लावू नका, ठसा जसाच्या तसा उमटतो. घासायच्या स्टील वूललाही (बारीक पोलादी तारांचा बोळा) तेल असतं, तेही अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून वाळवा.
२. हेअर ड्रायरने कोमट करून कापसाने द्रावण सलग फिरवा.
३. धुवा, वाळवा, हलकं घासा. असे ३-४ हात.
४. शिलाई मशीनचं तेल लावून रात्रभर ठेवा.

द्रावणात बहुतेकदा विषारी सेलेनियम असतं. हातमोजे घाला, काम गच्चीवरच करा.