उणे 30 मध्ये गाडी कशी तापवायची (कॅनडातल्या विनिपेगला नवीन आलेल्यांसाठी)

आपल्याकडे थंडीत गाडी सकाळी कुरकुरली की दोनदा सेल्फ मारायचा, जरा रेस द्यायची, झालं काम. मीही तीच सवय घेऊन इकडे आलो. पहिल्याच जानेवारीत एका सकाळी उणे 34 होतं, सेल्फ मारला तर घ...र्र, घ...र्र असा जड आवाज, जणू इंजिनात काकवी भरलीये, आणि चौथ्या वेळी नुसतं टक टक टक. शेजारचे आजोबा बाहेर आले, माझ्या ग्रिलमधून लोंबणारी तीन पिनांची वायर हातात धरली आणि विचारलं, रात्री ही लावली नव्हतीस का? ती वायर मी गाडी घेतल्यापासून रोज बघत होतो पण कशाची आहे ते मला कोणी सांगितलंच नव्हतं. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

ती वायर ब्लॉक हीटरची. इंजिनाच्या आत कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) फिरतं तिथे एक छोटं एलिमेंट बसवलेलं असतं, आपल्या पाणी तापवायच्या रॉडसारखंच समजा, साधारण 400 ते 1000 वॅटचं. ते कूलंट गरम ठेवतं, त्याने इंजिन ब्लॉक ऊबदार राहतो आणि थोडी ऊब ऑइललाही मिळते. हे का महत्त्वाचं, तर गारठलेलं ऑइल मधासारखं घट्ट होतं, वरच्या भागापर्यंत पोचायला वेळ घेतं आणि तोपर्यंत लोखंडावर लोखंड घासतं, इंजिनाची झीज होते ती मुख्यतः याच सुरुवातीच्या काळात.

उणे 15 च्या खाली जाणार असेल तर प्लग लावाच. रात्रभर लावायची गरज नाही, निघायच्या 3-4 तास आधी पुरे, त्यापुढे नुसतं बिल वाढतं, म्हणून बाहेर वापरायचा टायमर घ्या आणि पहाटे 3 ला सेट करून झोपा. एक्स्टेंशन मात्र जाड, तीन पिनांचीच आणि बाहेरच्या वापराचीच घ्या, घरातली पातळ वायर तापते आणि थंडीत काडीसारखी कडक होऊन तडकते. मी वायर ड्रायव्हरच्या बाजूच्या आरशावरून घेतो म्हणजे दार उघडताना ती दिसतेच, नाहीतर प्लग तसाच ठेवून गाडी रिव्हर्स घेणारे दर हिवाळ्यात दिसतात. हीटर चालू आहे का बघायचं असेल तर प्लग लावून बॉनेटजवळ कान द्या, बऱ्याच गाड्यांत किटलीत पाणी तापायला लागल्यासारखा बारीक सूं सूं आवाज येतो.

आता गाडी सुरू झाली की काय करायचं? इथे आपले लोक गाडी अर्धा तास उभी चालू ठेवतात, आणि मला मनापासून वाटतं की हे थांबलं पाहिजे. उभ्या गाडीत इंजिनावर लोड नसतो त्यामुळे ते हळूहळू तापतं, आणि थंड इंजिनात पेट्रोल जास्त सोडलं जातं, त्यातलं काही न जळता सिलेंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली ऑइलमध्येच मिसळतं. म्हणजे जपायला म्हणून केलं आणि झीज वाढवली. साध्या थंडीत अर्धा-एक मिनिट बास, उणे 30 ला तीन-चार मिनिटं, तोवर काचेवरचा बर्फ खरवडून घ्या, पुढचं नीट दिसल्याशिवाय निघू नका. मग पहिली दहा मिनिटं हळू चालवा, आरपीएम 2500 च्या वर नेऊ नका, हायवेला लगेच चढू नका. टायर रात्रभर एका जागी उभे राहून खालून चपटे झालेले असतात, सुरुवातीला धबधब धबधब असं बैलगाडीत बसल्यासारखं वाटेल, घाबरू नका, गोल होतात ते.

आणि हे कृपया हलक्यात घेऊ नका: बंद गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवायची नाही, शटर अर्धं उघडं असलं तरी नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बाहेर उभी असेल तर सायलेन्सरच्या तोंडावरचा बर्फ आधी काढा, मगच मुलांना आत बसवा.

रोज दोन-तीन किलोमीटरच चालवत असाल तर इंजिन कधी पूर्ण तापतच नाही आणि आतला ओलावा उडून जात नाही. ऑइलचं झाकण काढून बघा, आतून सायीसारखा पिवळट थर दिसला तर बहुतेक वेळा हेच कारण असतं. आठवड्यातून एकदा अर्धा तास हायवेवर फिरवून आणा. तरीही थर येतच राहिला किंवा कूलंट कमी होत असेल तर मात्र मेकॅनिकला दाखवा.

ऑइल तुमच्या मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच, पण पर्याय दिले असतील तर 0डब्ल्यू घ्या, डब्ल्यू म्हणजे विंटर, आकडा जितका लहान तितकं थंडीत पातळ. कूलंट अर्धं आणि पाणी अर्धं, हे मिश्रण साधारण उणे 37 पर्यंत गोठत नाही. जास्त घातलं की जास्त चांगलं असं समजून नुसतं कूलंट ओतू नका, कूलंटमधलं मुख्य द्रव म्हणजे ग्लायकॉल, ते पाणी न घालता उणे 13 च्या आसपासच गोठतं. डिझेलवाल्यांनी हिवाळी डिझेलच भरावं, साध्या डिझेलमधलं मेण थंडीत घट्ट होऊन फिल्टर तुंबतो, लडाखसाठी इंडियन ऑइलने 2019 मध्ये उणे 33 ला चालणारं डिझेल काढलं ते याचसाठी.

राहिली बॅटरी. उणे 18 ला तिची ताकद जवळपास निम्मी होते आणि नेमकं तेव्हाच इंजिन फिरवायला जास्त ताकद लागते. चार-पाच वर्षं जुनी असेल तर नोव्हेंबरातच टेस्ट करून घ्या. पूर्ण उतरलेली बॅटरी उणे 10 च्या आसपाससुद्धा गोठू शकते, तेव्हा बाजू फुगलेल्या दिसल्या तर जंप केबल (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून करंट घ्यायची वायर) अजिबात लावू नका, फुटू शकते, सरळ नवीन बसवा.