महागडे नॉइज कॅन्सलिंग हेडफोन घ्यायच्या आधी, खास पुणेकरांसाठी

२५ ते ४० हजार घालायच्या आधी एक काम करा, दोन-तीन दिवस नुसतं लक्ष ठेवा की तुम्हाला नेमका कुठला आवाज छळतोय. सोनी घेऊ का बोस घेऊ हे त्यानंतर बघू, कारण हे हेडफोन सगळे आवाज सारखे मारत नाहीत आणि बहुतेकांची निराशा इथेच होते.

आत होतं काय, तर बाहेरच्या बाजूचे छोटे माइक आवाज पकडतात, आतली चिप त्याच्या बरोब्बर उलटी लाट तयार करून स्पीकरमधून सोडते आणि दोन्ही लाटा एकमेकींना खाऊन टाकतात. हे जमतं ते सलग चालणाऱ्या, जाडसर घुमणाऱ्या आवाजात. बोस कंपनीचे संस्थापक अमर बोस यांना ही कल्पना १९७८ साली विमानात बसलेले असतानाच सुचली होती आणि १९८९ मध्ये त्यांच्या कंपनीचा पहिला हेडसेट आला तोही वैमानिकांसाठीच, म्हणजे मुळात इंजिनाच्या घरघरीवरचं हे औषध आहे. त्यामुळे हिंजवडीच्या बसचं इंजिन, शिवनेरीतल्या एसीची घूं-घूं, घरातला पंखा, सोसायटीचा जनरेटर हे सगळं जवळजवळ गायब होतं. पण रिक्षाचा हॉर्न, कुकरची शिट्टी, शेजारच्या डेस्कवर मोठ्याने कॉल घेणारा माणूस, हे बारीक किंवा अचानक येणारे आवाज चिपला तेवढे जमत नाहीत, ते अडवायचं काम कानावरची गादीच करते. गणपतीत मिरवणुकीच्या रस्त्यावर घर असेल तर ढोल-ताशा पूर्ण बंद होईल ही आशा कुठल्याच मॉडेलकडून ठेवू नका, कमी होईल एवढंच.

म्हणून माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट जाहिरातीत नसतेच, ती म्हणजे गादी तुमच्या कानाभोवती नीट चिकटून बसते का. जरा फट राहिली की तिथून नेमके तेच घुमणारे आवाज आत शिरतात जे मारायला तुम्ही पैसे मोजले. चष्मा असेल तर काडीमुळे ही फट हमखास पडते, जाड काडीने जास्तच. तेव्हा क्रोमा किंवा विजय सेल्समध्ये जा, रोजचा चष्मा घालून जा, डेमो पीस तुमच्या स्वतःच्या फोनला जोडून द्यायला सांगा आणि पंधरा-वीस मिनिटं काढूच नका. गाणं बंद ठेवून फक्त नॉइज कॅन्सलिंग चालू-बंद करून बघा, मान खाली घाला, जबडा हलवा, बोला. काही जणांना कानात दडे बसल्यासारखं वाटतं, विमान वर चढताना होतं तसं, तुम्हाला ते झालं तर घरी नेऊन सवय होईल या भरवशावर घेऊ नका. सेल्समन घाई करेल, करू दे, पैसे तुमचे आहेत.

वजनही तेव्हाच कळतं. अ‍ॅपलचा एअरपॉड्स मॅक्स साधारण ३८५ ग्रॅम आहे आणि सोनीचा एक्सएम५ २५०च्या आसपास, कागदावर हा फरक किरकोळ दिसतो पण दिवसभर मीटिंगा असतील तर संध्याकाळी मान सांगते. एप्रिल-मेमध्ये कान घामाने चिंब होतात हे सगळ्याच ओव्हर-इअरला, म्हणजे पूर्ण कान झाकणाऱ्या हेडफोनला आहे, त्यामुळे गाद्या बदलून मिळतात का आणि केवढ्याला हे आत्ताच विचारून ठेवा, घामाने आणि पावसाळी हवेने त्यांचं रेक्झिन आधी उकलतं, हेडफोन नंतर बिघडतो.

बॅगेत कोंबून बसने जाणारे असाल तर घडी होते का बघा. सोनीचा एक्सएम४ घडी होतो, एक्सएम५ होत नाही, २०२५ चा एक्सएम६ परत होतो.

कोडेकवर, म्हणजे फोन ब्लूटूथवरून गाणं कुठल्या पद्धतीने आवळून पाठवतो त्यावर, लोक तासन् तास भांडतात. आयफोन असेल तर एएसी हाच कोडेक चालणार, एलडॅक या जास्त बारकावे पोचवणाऱ्या कोडेकचा तुम्हाला काही उपयोग नाही, त्यासाठी जास्त पैसे देऊ नका. अँड्रॉइड असेल आणि खरंच शांत बसून गाणी ऐकत असाल तर एलडॅक चांगलं आहे, मात्र गर्दीच्या ठिकाणी ते अडखळतं तेव्हा सेटिंगमध्ये जाऊन कनेक्शनला प्राधान्य द्या. त्यापेक्षा वर्क फ्रॉम होमवाल्यांनी मल्टिपॉइंट आहे ना ते बघावं, म्हणजे लॅपटॉप आणि फोन एकाच वेळी जोडलेले राहतात. एअरपॉड्स मॅक्समध्ये हे त्या अर्थाने नाही, ते अ‍ॅपलच्याच वस्तूंमध्ये आपोआप उड्या मारतं, ऑफिसचा लॅपटॉप विंडोजचा असेल तर वैताग येईल.

अजून एक, नॉइज कॅन्सलिंग तुमच्या कानासाठी असतं, समोरच्यासाठी नाही. तुम्हाला मिक्सर ऐकू येत नाही पण क्लायंटला येऊ शकतो, ते माइक किती चांगले आहेत त्यावर आहे, म्हणून दुकानातूनच घरच्यांना एक कॉल लावा आणि आवाज कसा येतोय विचारा.

बॅटरीची चिंता सोडा, बहुतेक २० तासांच्या वर चालतात, सेनहायझर मोमेंटम ४ तर कंपनी ६० तास सांगते.

गाडीवर हे कधीच घालायचे नाहीत, हेल्मेटच्या आत तर नाहीच. चालतानाही कर्वे रोड ओलांडायच्या आधी बाहेरचा आवाज आत घेणारा मोड लावा. आणि याचा खरा फायदा घ्या, गोंगाट कमी झाला की व्हॉल्यूमही खाली आणा, जागतिक आरोग्य संघटना ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास एवढीच मर्यादा सांगते आणि बसच्या आवाजावर मात करायला साधे इअरफोन लावून आपण ती सहज ओलांडतो.

विकत घेताना जुनं मॉडेल बिनधास्त बघा, २०२० चा एक्सएम४ सेलमध्ये चांगल्या भावात मिळाला तर आजही उत्तम आहे. निम्म्या किमतीत नवाकोरा बोस कोणी देत असेल तर तिथून निघा, हुबेहूब नकली माल भरपूर आहे. जीएसटीचं पक्कं बिल घ्या, सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून बघा. ऑनलाइन घेत असाल तर परत घेतात की फक्त बदलून देतात ते आधी वाचा, आणि ती मुदत संपायच्या आत तुमच्या रोजच्या बसमध्ये, रोजच्या खुर्चीत, रोजच्या चष्म्यासकट वापरून घ्या.