मायक्रोरिॲक्टर चालवताना या चुका टाळा

मायक्रोरिॲक्टर म्हणजे पंपाने द्रावणं ढकलून मिलिमीटरभर रुंदीच्या नळीत रिॲक्शन चालवणं. त्याचा मोठा फायदा उष्णतेचा. आतल्या द्रवाच्या मानाने नळीचा पृष्ठभाग इतका जास्त असतो की फ्लास्कमध्ये थेंबथेंब सोडावं लागणारं ॲसिड क्लोराइड इथे एकदम मिसळलं तरी तापमान हाताबाहेर जात नाही. शिवाय आत एका वेळी मोजकेच मिलिलिटर असतात. पण फ्लास्कची कृती जशीच्या तशी पंपाला जोडली, तर यातलं काहीच पदरात पडत नाही.

मीठ कुठे जाणार, याचा विचार न करणं

एका पंपात अमाइन आणि ट्रायइथिलअमाइन, दुसऱ्यात ॲसिड क्लोराइड, सॉल्व्हंट टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान). दोन्ही द्रावणं स्वच्छ. दाब २ बारवर स्थिर दिसतो, मग ३ होतो, मग ५, आणि दोन प्रवाह जिथे मिळतात त्या टी-जॉइंटच्या तोंडाशी पांढरं कडं धरतं. ते ट्रायइथिलअमाइन हायड्रोक्लोराइड, म्हणजे रिॲक्शनमध्ये सुटणारं आम्ल ट्रायइथिलअमाइनने धरल्यावर बनणारं मीठ. टीएचएफमध्ये ते जवळपास विरघळत नाही. फ्लास्कमध्ये हा साका शेवटी गाळता येतो, नळीत तो गाठ धरतो.

उतावळे लोक अशा वेळी प्रेशर लिमिट वाढवतात. हे कधीही करू नका: गाठ आणखी घट्ट बसते आणि जॉइंट सुटला तर ॲसिड क्लोराइड बाहेर उडतं. दोन्ही रसायनांचे पंप बंद करा, दाब पूर्ण उतरवा, टी सोडवा, आधी टीएचएफने धुवा आणि मगच पाण्यात बुडवा.

त्याआधीची सवय महत्त्वाची. दोन्ही द्रावणं ठरलेल्या तीव्रतेची, पण अर्धा-अर्धा मिलिलिटरच, फ्यूम हूडमध्ये बर्फावर मिसळा. खोलीच्या तापमानाला आणून तासभर ठेवा. गढूळ झालं तर नळीत घालू नका. डीसीएममध्ये (डायक्लोरोमिथेन) हे मीठ बरंच विरघळतं. मात्र ते ४० अंशांना उकळतं, म्हणून गरम करायचं असेल तर बाहेरच्या टोकाला दाब धरून ठेवणारा बॅक प्रेशर रेग्युलेटर हवाच.

घाईने सॅम्पल घेणं

कॉइल (गुंडाळलेली रिॲक्शनची नळी) १० मिलिलिटर, दोन पंप मिनिटाला १-१ मिलिलिटर. द्रव कॉइलमध्ये थांबण्याचा वेळ ५ मिनिटं. १० नव्हे, कारण प्रवाहांची बेरीज धरायची असते. पाचव्या मिनिटाला घेतलेल्या सॅम्पलवर विसंबू नका. नळीच्या मध्यातला द्रव पुढे पळतो, भिंतीलगतचा मागे रेंगाळतो. किमान तीन पट, म्हणजे १५ मिनिटं, बाहेर पडणारं बाजूला काढा. फ्लो किंवा तापमान बदललं की पुन्हा तितकंच थांबा.

बाकीच्या चुका

बारीक नळीत प्रवाह संथ थरांनी वाहतो, ढवळला जात नाही. विसरणाने, म्हणजे रेणू आपोआप पसरून, मिसळायला १ मिलिमीटर रुंदीत हजारेक सेकंद लागतात, ०.१ मिलिमीटरमध्ये दहाएक. वेगवान रिॲक्शनला साधा टी पुरत नाही, मिक्सर चिप लावा.

कॉइल अरुंद करताना लक्षात ठेवा: व्यास निम्मा केला तर तेवढ्याच लांबीत, तेवढ्याच फ्लोला दाब १६ पट होतो.

सॉल्व्हंट गाळून भरा. पंपाच्या व्हॉल्व्हमध्ये अडकलेला हवेचा बुडबुडा दोन प्रवाहांचं प्रमाण बिघडवतो.

तासन्‌तास चालणाऱ्या, उष्णता न सोडणाऱ्या रिॲक्शनसाठी फ्लास्कच वापरा.

बंद करताना रसायनं आधी थांबवा आणि तीन कॉइल भरतील इतका सॉल्व्हंट सोडा, मगच हीटर उतरवा.