राजकीय हिंसेवरचं पुस्तक गटात वाचायचं असेल तर

असं पुस्तक घेतलं की पाच मिनिटांत कोणीतरी विचारतंच, "पण सुरुवात कोणी केली?" मग पुस्तक राहतं बाजूला आणि ज्याची त्याची आधीपासूनची मतं भांडू लागतात. म्हणून चर्चा चालवायची पाळी माझी असली की मी दुसरा प्रश्न पुढे करते: हे लेखकाला कळलं कसं?

त्यासाठी पुस्तकाच्या शेवटी दिलेल्या टिपा वाचून यायचं. कुरकुर होते, होऊ द्या. प्रत्येकाने एक प्रसंग निवडायचा, पान सांगायचं आणि तो कुठून आला ते शोधायचं: पोलिसांची नोंद, कोर्टातली साक्ष, की तीस वर्षांनी दिलेली मुलाखत? पुस्तक उत्तर आयर्लंडवरचं असेल तर बॉस्टन कॉलेजच्या ध्वनिफितींपाशी थांबाच. तिथल्या सशस्त्र गटांतल्या जुन्या लोकांनी जिवंतपणी काही बाहेर येणार नाही या भरवशावर तोंड उघडलं होतं. २०११मध्ये तपासासाठी त्या फितींची मागणी झाली आणि प्रकरण अमेरिकेतल्या कोर्टात गेलं. दिलेला शब्द मोडला तर पुढे कोण बोलेल? आणि पाळला, तर ज्यांचं माणूस गेलं त्यांनी कोणाकडे बघायचं? यावर आमचा अख्खा तास जातो, आणि तो वाया गेला असं मला कधी वाटलेलं नाही.

आकडेही असेच तपासा. अर्जेंटिनात लष्करी राजवटीत बेपत्ता झालेल्या ८,९६१ जणांची नोंद १९८४च्या आयोगाच्या अहवालात आहे. मानवी हक्क संघटना ३०,००० म्हणतात. खरा आकडा कुठला, यावर हमरीतुमरी नको. मोजलं कोणी, आणि नाव नोंदवायला कोण धजावलं नसेल, ते विचारा.

छळाची वर्णनं मोठ्याने वाचू नका. कुठल्या पानांवर ती आहेत हे आधीच कळवा. गटातल्या कोणाच्या घरात असं काही घडलेलं असेल तर त्यांना "तुम्ही सांगा ना" असं म्हणायचं नाही. ते वाचक म्हणून आलेत, साक्ष द्यायला नाही.

निम्मा वेळ हिंसेनंतरच्या काळासाठी राखा, कारण ती प्रकरणं बहुतेकजण नुसती चाळून येतात. माझ्या मते खरं पुस्तक तिथेच असतं. दक्षिण आफ्रिकेच्या सत्य आणि सलोखा आयोगाकडून माफी मिळवायला कृत्यामागे राजकीय हेतू असावा लागे आणि सगळं खरं सांगावं लागे. पश्चात्ताप झालाच पाहिजे अशी अट नव्हती. एवढं सांगून गप्प बसा. एरवी अवाक्षर न काढणारेही इथे बोलतात.

पुढचं पुस्तक शक्यतो त्याच संघर्षावरचं घ्या, पण पहिल्या लेखकाने ज्यांच्याशी बोलणं टाळलं त्यांना भेटून लिहिलेलं.