प्राचीन घोड्यांच्या जीवाश्म-प्रतिकृती : सुरुवात दाढेपासून करावी

प्राचीन घोड्यांच्या जीवाश्मांच्या प्रतिकृती जमवू लागलो तेव्हा मी पहिली खरेदी कवटीची केली. सुमारे साडेतीन कोटी वर्षांपूर्वी उत्तर अमेरिकेत राहणाऱ्या, तीन बोटांच्या मेसोहिप्पसची म्हणून ती विकली गेली होती. घरी भिंगाखाली पाहिली, तर डावी-उजवी बाजू तंतोतंत सारखी होती, आणि वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडेला डब्ल्यूसारखी जी घडी दिसायला हवी, तिथे नुसते गुळगुळीत उंचवटे होते. मूळ जीवाश्माचा साचा घेऊन ओतलेली ती प्रतिकृती नव्हती, तर चित्र पाहून केलेले शिल्प होते. गाळाखाली दबलेल्या हाडाला बहुधा भेगा पडलेल्या असतात, ते थोडेफार पिचलेले असते, आणि चांगल्या प्रतिकृतीत हे सगळे जसेच्या तसे उतरते.

म्हणून पैसे देण्यापूर्वी साचा कोणत्या नमुन्यावरून घेतला, तो नमुना कोणत्या संग्रहालयात कोणत्या क्रमांकाने नोंदलेला आहे आणि त्यातला कोणता भाग नंतर भरून काढलेला आहे, हे विक्रेत्याला अवश्य विचारावे. उत्तर मिळत नसेल तर ती वस्तू घेऊ नये.

नवोदितांनी कवटीआधी दाढा घ्याव्यात, असे माझे ठाम मत आहे. मेसोहिप्पसची दाढ बुटकी असते, कारण तो मुख्यतः कोवळा पाला खात असे. तिच्याशेजारी सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वीच्या, गवतही खाणाऱ्या मेरिचिप्पस या घोड्याची दाढ ठेवली की फरक बोटांनाही जाणवतो. ही दाढ उंच असून तिच्या माथ्यावर एनॅमलच्या (दाताच्या कठीण आवरणाच्या) नागमोडी कडा आणि त्यांमध्ये भरलेले सिमेंट, म्हणजे दाताचाच हाडासारखा थर, दिसतो. गवतातील सिलिका (वाळूत असतो तो कठीण पदार्थ) आणि त्यावरची धूळ यांनी दात झिजतात; उंच दाढ त्या झिजेला अधिक काळ पुरते. दाढांनंतर पायांकडे वळावे. सर्वांत प्राचीन घोड्यांच्या पुढच्या पायाला चार आणि मागच्या पायाला तीन बोटे होती, तर आजच्या घोड्याला प्रत्येक पायाला एकच बोट आहे.

मात्र या प्रतिकृती लहानापासून मोठ्यापर्यंत एका रांगेत मांडू नयेत. १८७६ साली अमेरिकेतील येल विद्यापीठात जीवाश्म-अभ्यासक ओथनील मार्श यांनी डार्विनचे समर्थक, इंग्लिश जीवशास्त्रज्ञ थॉमस हक्सली यांना आपले जीवाश्म दाखवले, तेव्हापासून ही सरळ रांग लोकप्रिय झाली. प्रत्यक्षात घोड्यांचा वंशवृक्ष फांद्याफांद्यांचा आहे. आफ्रिकेत तीन बोटांचे हिपॅरियन-कुळातील घोडे आणि एक्वस (आजच्या घोड्याची प्रजाती) हे एकाच काळात नांदत होते. (घोडे, गेंडे आणि टापीर यांच्या पूर्वजांचा जवळचा नातलग कॅम्बेथेरियम हा तर आपल्या शेजारी, सुरत जिल्ह्यातील वस्तानच्या लिग्नाइट (तपकिरी कोळसा) खाणीत सापडला.)

रेझिनच्या (ओतीव प्लास्टिकच्या) प्रतिकृती उन्हात किंवा बंद मोटारीत ठेवू नयेत. बाजूच्या बोटांची बारीक हाडे उष्णतेने वाकतात. धूळ मऊ ब्रशने झाडावी, ॲसिटोन लावू नये. प्रत्येक प्रतिकृतीच्या तळाशी मूळ नमुन्याचा क्रमांक, स्थळ आणि खडकाचे वय त्याच दिवशी लिहून ठेवावे.