२४३० ची बेरीज: बेसबॉल हंगामाचा अंदाज वहीत कसा बांधायचा

पाडव्याच्या मागेपुढे अमेरिकेत मेजर लीग बेसबॉलचा हंगाम सुरू होतो, दसऱ्याच्या सुमारास प्लेऑफ रंगतात आणि दिवाळीच्या आगेमागे वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम मालिका, संपते. बेळगावात, खानापूर-निपाणीकडे हा खेळ बघणारी मंडळी मोजकीच. पण असे चार जण कुठं जमले की मार्चमध्ये वही निघतेच: यंदा कोण किती जिंकणार? त्यातल्या बऱ्याचशा वह्या मिरगाच्या आधीच भिजतात. कारण बहुतेक वेळा एकच, कुणी बेरीज केलेली नसते.

संघ ३०, प्रत्येकाचे सामने १६२. एका सामन्यात एकच जिंकतो, म्हणून ३० गुणिले १६२ भागिले २, म्हणजे २४३० विजय. हंगामात एकूण विजय एवढेच असतात. वहीतल्या ३० आकड्यांची बेरीज २४३० भरली नाही, तर त्या वहीत अंदाज नाही, नुसत्या शुभेच्छा आहेत. पहिल्या खेपेला बेरीज बहुधा जास्तच भरते, कारण आवडत्या संघाला दहा विजय चढवताना हात आखडत नाही, आणि ते दहा कुणाकडून काढायचे हे कुणी लिहीत नाही.

साहित्य फार नाही. शंभर पानी वही आडवी धरा, ३० ओळी आखा आणि सहा रकाने पाडा: केलेल्या धावा, दिलेल्या धावा, धावांवरून विजय, ८१ कडे ओढून, ये-जा, पक्का आकडा. मोबाईलमधला कॅल्क्युलेटर पुरतो. आकडे बेसबॉल-रेफरन्स किंवा फॅनग्राफ्स या संकेतस्थळांवर फुकट मिळतात.

आधी धावा, मग विजय

गेल्या वर्षी संघ किती सामने जिंकला, हा आकडा आधी झाकून ठेवा. क्रिकेटमध्ये नेट रनरेट बघतो तसं इथं धावांचा फरक बघायचा. केलेल्या धावांचा वर्ग करा, दिलेल्या धावांचा वर्ग करा. पहिल्या वर्गाला दोन्हींच्या बेरजेनं भागा आणि १६२ नं गुणा. बेसबॉलचे आकडेतज्ज्ञ बिल जेम्स यांनी रूढ केलेलं हे सूत्र पायथागोरसच्या नावानं ओळखलं जातं. घात २ ऐवजी १.८३ घेतला तर किंचित बरं उत्तर येतं, पण वहीला २ पुरे.

सॅन दिएगो पाड्रेसचं २०२३ साल घ्या. केलेल्या धावा ७५२, दिलेल्या ६४८. वर्ग ५,६५,५०४ आणि ४,१९,९०४, बेरीज ९,८५,४०८. भागाकार ०.५७४, त्याला १६२ नं गुणलं की ९३. प्रत्यक्षात संघ ८२ च जिंकला होता. अकरा विजय गेले कुठं? एका धावेनं सुटलेल्या सामन्यांत त्यांचा हिशेब ९ विजय, २३ पराभव असा होता, आणि जादा डावांत (बरोबरी झाल्यावर खेळतात त्या) २ विजय, १२ पराभव. पुढच्या वर्षी, २०२४ मध्ये, पाड्रेस ९३ जिंकले. (आकडा तंतोतंत जुळला हा योगायोग. दरवर्षी असं होईल म्हणून कॉलर ताठ करू नका.)

त्याच सालचे मायामी मार्लिन्स उलट टोकाला होते. केलेल्या ६६६, दिलेल्या ७२३. सूत्र ७४ म्हणतं, संघ जिंकला ८४ आणि प्लेऑफला गेला. एका धावेच्या सामन्यांत ३३-१४. पुढच्या वर्षी ६२ विजय, १०० पराभव.

एका धावेच्या सामन्यात निकाल एका उडत्या चेंडूवर किंवा पंचाच्या एका निर्णयावर फिरतो. शेवटच्या डावांतले पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, भक्कम असतील तर थोडा फायदा होतो, पण ३३-१४ इतका नाही. बाल्टिमोर ओरिओल्सनी २०१२ मध्ये असे सामने २९-९ नं मारले, तेव्हा "यांना जिंकायची कला साधली" असं बोललं गेलं. पुढच्या वर्षी त्यांचाच आकडा २०-३१ झाला. म्हणून वहीत एका धावेच्या हिशेबाचा बारीक शेरा मारून ठेवा: विजयाचं पारडं फार जड असेल तर खाली बाण, फार हलकं असेल तर वर बाण.

सगळ्यांना ८१ कडे ओढा

नाणं १६२ वेळा उडवलं तरी ८१ च्या अलीकडे-पलीकडे सहा-साडेसहाचा फरक सहज पडतो. म्हणजे संघाची खरी ताकद देवानं कानात येऊन सांगितली तरी तुमचा आकडा पाच-सहानं चुकणारच. तेव्हा धावांवरून आलेल्या आकड्यातलंही थोडं नशीब काढून टाकायचं. सोपा नियम असा: ८१ पासून जितकं अंतर, त्याचा एक तृतीयांश कापा. पाड्रेसचे ९३ म्हणजे १२ वर, कापून ८, आकडा ८९. मार्लिन्सचे ७४ म्हणजे ७ खाली, कापून साधारण ५, आकडा ७६.

नवख्यांना ही पायरी पटत नाही, कारण मग वहीत कुणीच शंभरावर दिसत नाही. प्रत्यक्षात एखाद-दुसरा संघ शंभर गाठेलही. पण तो नेमका कुठला, हे मार्चमध्ये सांगता येत नाही, म्हणून आकडे आत ओढलेले बरे. सॅन फ्रान्सिस्को जायंट्स २०२१ मध्ये १०७ जिंकले, २०२२ मध्ये बरोबर ८१. खालच्या टोकालाही हेच: शिकागो व्हाइट सॉक्स २०२४ मध्ये ४१-१२१ असे गाळात गेले, आणि फार काही न सुधारताही २०२५ मध्ये ६० वर आले. वहीत वरचा संघ ९५ च्या आसपास आणि खालचा ६० च्या घरात असला, की मांडणी ठीक आहे समजा.

कोण आलं, कोण गेलं

सगळ्यात जास्त चुका इथं होतात. खेळाडूचं मोल मोजायला वॉर नावाचं माप आहे: हा खेळाडू नसता आणि त्याच्या जागी खालच्या लीगमधला कुणीही उभा केला असता, तर किती विजय कमी झाले असते. साधारण १० धावा म्हणजे एक विजय. आणि सगळेच असे कुणीही असतील, तर तो संघ ४८ च्या आसपास जिंकेल, असं धरतात.

चूक अशी होते. एखाद्या बॅटरनं गेल्या वर्षी ६ वॉर केले, नव्या संघानं त्याला घेतलं, की लोक त्या संघाला सरळ ६ विजय चढवतात. थांबा. शेवटच्या तीन वर्षांचे आकडे घ्या आणि ५, ४, ३ असं वजन द्या. समजा ६, ३, २ आहेत: ३० अधिक १२ अधिक ६ म्हणजे ४८, भागिले १२, उत्तर ४. वय तिशीच्या पुढं असेल तर दर वर्षाला अर्धा विजय वजा करा. आपल्याकडं आखाड्यात बत्तिशीच्या पैलवानाचं नाव मोठं असलं तरी दम किती उरलाय ते वस्तादाला ठाऊक असतं. तीच नजर इथं लावायची. राहिले ३.५. आता ज्याच्या जागी तो येतोय तो किती देत होता? १.५ देत असेल, तर संघाची खरी भर दोनच विजयांची. सहाचे दोन झाले. वहीत दोन लिहा.

मैदानाचाही हिशेब आहे. कोलोरॅडो रॉकीजचं कूर्स फील्ड समुद्रसपाटीपासून साधारण १५८० मीटरवर, म्हणजे बेळगावच्या दुप्पट उंचीवर आहे. विरळ हवेत चेंडू लांब जातो आणि पिचरच्या हातून सुटलेला चेंडू कमी वळतो. तिथल्या बॅटरचे कच्चे आकडे बघून भुलू नका. वॉरमध्ये मैदानाची वजाबाकी आधीच केलेली असते, म्हणूनच तो आकडा वापरायचा.

पिचरच्या बाबतीत मात्र वॉरवर थांबू नका, सुरुवातीच्या पिचरांचे, म्हणजे सामन्याचा पहिला चेंडू टाकणाऱ्यांचे, सामने मोजा. कागदावर पाच जण असतात. त्यांना ३२, ३०, २८, २४, २० असे सामने दिले तर बेरीज १३४ होते. उरलेले २८ सामने कोण टाकणार? सहावा, सातवा, आठवा पिचर. त्यांची नावं शोधा, आणि संघाची खरी खोली तिथं कळते. पाच जणांना प्रत्येकी ३२ देऊन १६० भरणारी वही मे महिन्यात फाटते, कारण कोपर कुणाचं ना कुणाचं जातंच. कोपरातला अस्थिबंध बदलायच्या शस्त्रक्रियेला टॉमी जॉन म्हणतात. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी ती ज्याच्यावर पहिल्यांदा केली, त्या पिचरचंच ते नाव. त्यातून परतायला १२ ते १८ महिने लागतात. शस्त्रक्रियेची तारीख लिहा, महिने मोजा. परत आलेल्याला पहिल्या वर्षी पूर्ण डाव देऊ नका.

वरच्या मार्लिन्सच्या आकड्याकडं पुन्हा बघा. आपलं सूत्र ७६ म्हणालं आणि संघ ६२ वर आला, फरक १४ चा. त्यांचा पिचर सँडी अल्कांतारा याची टॉमी जॉन शस्त्रक्रिया २०२३ च्या ऑक्टोबरमध्येच झाली होती. ती मार्चमध्ये माहीत होती, तेव्हा तो विजय-दोन विजयांचा घाटा धरायलाच हवा होता. दुसरा पिचर युरी पेरेझ याची २०२४ च्या एप्रिलमध्ये झाली. ती कुणाला दिसली नसती. मग मे महिन्यात व्यवस्थापनानं बॅटर लुईस अराएझला पाड्रेसकडं धाडलं. हरणारा संघ जुलैअखेर चांगले खेळाडू विकतो, आणि जिंकणारा विकत घेतो. म्हणून ये-जा भरून झाली की ७० च्या खालच्या संघांचा आणखी एकेक विजय काढून वरच्यांना दिला तरी चालेल. आमच्या मते याहून जास्त नको.

सराव सामन्यांचे निकाल वहीत घेऊच नका. पिचर तिथं चेंडू टाकायची नवी तऱ्हा घोटत असतात आणि सहाव्या डावानंतर मैदानात पोरंटोरं असतात.

बेरीज जुळवणं

आता पक्क्या आकड्यांचा रकाना खालपर्यंत मिळवा. समजा २४९० आले. ६० जास्त. ३० संघांत वाटले की प्रत्येकाचे २ कमी. सगळ्यांचे, आवडत्याचेसुद्धा. "आमच्या डॉजर्सचे कशाला?" म्हणणारा प्रत्येक गटात एक असतोच. त्याला सांगा, मग दुसऱ्या कुणाचे चार काढ आणि कारण लिही.

वेळापत्रकासाठी फार डोकं खपवू नका. २०२३ पासून आपल्याच डिव्हिजनमधल्या (पाच संघांच्या गटातल्या) बाकी चार संघांशी प्रत्येकी १३ सामने असतात. आधी १९ असायचे. दुबळ्या डिव्हिजनचा फायदा आता कमी झालाय. एखाद-दुसरा विजय इकडंतिकडं, बस्स.

विजेता टक्क्यांत लिहा

२०२२ पासून प्लेऑफला १२ संघ जातात, दोन लीग, प्रत्येकीचे सहा. त्यातल्या वरच्या दोघांना पहिली फेरी माफ. बाकीच्यांना तीन सामन्यांची फेरी, मग सगळ्यांना पाच, सात आणि सात.

समजा एखादा संघ प्रत्येक सामन्यात ५५ टक्के सरस आहे, आणि बेसबॉलमध्ये दोन चांगल्या संघांत एवढा फरक म्हणजे खूप झाला. तो पाचची मालिका ५९ टक्के वेळा जिंकेल, सातची ६१ टक्के. तिन्ही फेऱ्यांचा गुणाकार २२ टक्के. पहिली फेरीही खेळावी लागली तर १२-१३ टक्के. म्हणजे सगळ्यात तगड्या संघापुढंही वीस-बावीसपेक्षा मोठा आकडा लिहू नये. सिएटल मरिनर्स २००१ मध्ये ११६ जिंकून वर्ल्ड सिरीजपर्यंत पोचले नाहीत. डॉजर्स २०२२ मध्ये १११ जिंकून पहिल्याच मालिकेत पाड्रेसकडून गेले. २०२३ मध्ये ॲरिझोना ८४ विजयांवर वर्ल्ड सिरीज खेळला. सगळ्या ३० संघांच्या टक्क्यांची बेरीज १०० भरली पाहिजे, इथंही तीच शिस्त.

वही कधी मिटायची, गुण कसे द्यायचे

पहिला चेंडू पडायच्या आदल्या दिवशी सगळ्यांनी सही करून वही मिटायची. कधीकधी दोन संघ आठवडाभर आधी आशियात खेळून घेतात, २०२४ ला सोलमध्ये, २०२५ ला टोकियोत. तारीख बघून ठेवा. हंगामभर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापेक्षा आपण साडेनऊ तास पुढं असतो: न्यूयॉर्कचा संध्याकाळी ७:०५ चा सामना इथं पहाटे ४:३५ ला, लॉस एंजेलिसचा ७:१० चा सकाळी ७:४० ला. दूध आणायच्या वेळेला एक आणि नाष्ट्याला दुसरा. तारखेचा घोळ इथंच होतो. त्यांच्या गुरुवारचा संध्याकाळचा सामना आपल्या शुक्रवारी लागतो, वहीत कायम त्यांचीच तारीख घाला.

मे संपेपर्यंत कुणाची वही काढून हसू नका. वॉशिंग्टन नॅशनल्स २०१९ मध्ये १९-३१ होते आणि त्याच वर्षी वर्ल्ड सिरीज जिंकले.

सप्टेंबरअखेर प्रत्येक संघाचा लिहिलेला आकडा आणि खरा आकडा यांतला फरक काढा, उणे-अधिक चिन्ह सोडून द्या, ३० नं भागा. सरासरी चूक ७-८ आली तर काम चांगलं झालं. शेजारी एक डमी वही ठेवा, जिच्यात ३० ही संघांपुढं ८१ लिहिलंय. तिची चूक साधारण १० ते १२ येते. तिच्यापेक्षा जास्त चुकलेल्याला पुढच्या मार्चमध्ये पहिली पायरी पुन्हा करायला लावा.

टक्क्यांसाठी: घडलं तर १, नाही घडलं तर ०, त्यातून तुमचा दशांश वजा करून वर्ग. हिशेब कळायला मोठे आकडे घेऊ: ६० टक्के लिहून घडलं तर ०.१६, नाही घडलं तर ०.३६. ९० लिहून तोंडावर पडलात तर ०.८१. ज्याची बेरीज कमी तो जिंकला. पैसे लावू नका. शेवटच्या नंबरानं एक किलो कुंदा आणायचा, आणि तो वर्ल्ड सिरीज संपल्यावर, आधी नाही, कारण टक्क्यांचा रकाना तोवर उघडाच असतो.